कात्री-डिंकाचे खरे उपकारकर्ते

सेक्स पिस्टल्स या ब्रिटिश पंक बँडच्या रेकॉर्डांची कव्हरे जेमी रीड याने केली, असे सगळीकडे छापलेले असते. हे अर्धसत्य आहे. रीडजवळ होते काय? कात्री, डिंक, रद्दी आणि क्रॉयडनमध्ये ‘सबर्बन प्रेस’ नावाचे नियतकालिक चालवल्याचा अनुभव. एवढ्या भांडवलावर कोणी अजरामर होत नाही. त्याला समाजातल्या जबाबदार मंडळींचा हातभार लागतो. या मंडळींचा सत्कार अजून कोणी केलेला नाही, म्हणून शाल-श्रीफळाची ही थकबाकी.

पहिला मान व्यापाऱ्यांचा. 1977 साली राणीच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव होता. बँडच्या राणीवरच्या गाण्याच्या कव्हरासाठी रीडने पीटर ग्रुजनने काढलेला तिचा फोटो घेतला आणि तिच्या डोळ्यांवर व तोंडावर खंडणीच्या चिठ्ठीसारखी कापीव अक्षरे चिकटवली. कल्पना बरी होती. पण तिला पूर्णत्व दिले बीबीसीने आणि दुकानदारांनी. बीबीसीने गाण्यावर बंदी घातली. तरीही ते खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेले, तेव्हा काही दुकानांनी भिंतीवरच्या यादीत तिथे नाव न लिहिता जागा कोरी सोडली. रीडला निदान कात्री तरी लागे. इथे एकही अक्षर न वापरता काम झाले, आणि करणाऱ्याने सहीसुद्धा केली नाही.

मात्र मुख्य सत्कारमूर्ती नॉटिंगहॅमचे पोलीस. ‘नेव्हर माइंड द बोलॉक्स’ या अल्बमच्या कव्हरवर बँडचा फोटो नाही, चित्र नाही. पिवळ्याजर्द कागदावर नुसती अक्षरे. नावातला एक शब्द पुरुषदेहाच्या एका जोडअवयवाचा. दुकानाच्या खिडकीत तो दिसताच पोलिसांनी 1889 सालचा अशिष्ट जाहिरातींचा कायदा काढला. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा तो कायदा. या वयात त्याला कामाला लावणे ही ज्येष्ठांची काळजीच म्हणायची. दुकानाच्या व्यवस्थापकावर खटला भरला. तोच शब्द वर्तमानपत्रांतही छापून आला होता, पण त्यांना कोणी हात लावला नाही. जाहिरातीचा मान एकाच दुकानाला मिळावा, हा विवेक थोर होय.

बचावाला उभे राहिले जॉन मॉर्टिमर, आणि साक्षीला आले नॉटिंगहॅम विद्यापीठातले इंग्रजीचे प्राध्यापक जेम्स किन्स्ली. हा शब्द पूर्वी पाद्र्यांनाही लावत आणि बडबडीलाही, असे त्यांनी शांतपणे सांगितले. न्यायाधीशांनी नाइलाजाने व्यवस्थापकाला सोडले आणि जाता जाता अशा धंद्याबद्दल मनापासून नापसंती नोंदवली. विद्यापीठ, वकील, न्यायपीठ असा तिघांचा वेळ एका रेकॉर्डच्या कव्हराला फुकट मिळाला. जाहिरात कंपनीने याचे काय बिल लावले असते, हे जाणकारांनी सांगावे.

बेल्जियमच्या एका प्रवासी संस्थेचाही उल्लेख व्हायला हवा. ‘हॉलिडेज इन द सन’ या गाण्याच्या कव्हरासाठी रीडने त्यांच्या माहितीपत्रकातली चित्रे न विचारता उचलली आणि पात्रांच्या तोंडी गाण्याच्या ओळी घातल्या. संस्था कोर्टात गेली, कव्हरे मागे घेतली गेली, आणि जी सुटली ती संग्राहकांच्या तिजोरीत गेली.

पण या सगळ्यांवर कडी केली बँकेने. 2015 साली व्हर्जिन मनीने त्या अल्बमची तीच अक्षरे क्रेडिट कार्डावर छापली. काही लोक हसले. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. खंडणीच्या चिठ्ठीची अक्षरे असलेल्या कार्डाने पैसे मागावेत, यात विसंगती कुठे आहे? अराजकाची घोषणा तेव्हा दरमहा हप्त्याने फेडता येऊ लागली, तीही ठरलेल्या तारखेला, व्याजासह.

या व्यवस्थेला गालबोट लावले एकाच माणसाने. बँडचा व्यवस्थापक माल्कम मॅक्लारेन आणि व्हिव्हिअन वेस्टवूड यांचा मुलगा जो कोरे. पंकची चाळिशी लंडनमध्ये इतमामाने साजरी होत असताना, 26 नोव्हेंबर 2016 रोजी, त्याने आपल्याजवळच्या पंकच्या वस्तू टेम्स नदीवर होडीत पेटवून दिल्या. किंमत पन्नास लाख पौंड, असे त्याचेच म्हणणे. पंक आता प्रदर्शनातली वस्तू झाली, ही त्याची तक्रार. पण बाजारातला माल असा कमी झाला की उरलेल्याचा भाव काय होतो, हे त्याच्या ध्यानात आलेले दिसत नाही. तेव्हा त्यालाही एक शाल द्यावी. फक्त ती सुती असावी, लवकर पेटणारी.