फायरवॉलमागचे सीनियर

डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम बांधणाऱ्या प्रत्येक टीममध्ये एक सीनियर असतातच. कुठलीही कल्पना मांडा, त्यांचा प्रश्न ठरलेला: "यात नवीन काय?" मात्र 'मोबाइल एजंट' हा शब्द ऐकला, की ते प्रश्नही विचारत नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवतात.

नुकताच एमटेक झालेला पोरगा उत्साहात सांगू लागतो. प्रोग्राम चालता चालता थांबतो, आपला डेटा गुंडाळतो, नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर जातो आणि तिथे काम पुढे नेतो. ढीगभर डेटा इकडे ओढण्यापेक्षा कोडच तिकडे धाडायचा!

"म्हणजे वर्म," सीनियर म्हणतात. "१९८८ साली मॉरिसने हेच केलं. कोर्टात शिक्षा झाली त्याला."

सीनियरांचा अभ्यास कच्चा नाही. जनरल मॅजिकच्या टेलिस्क्रिप्टमध्ये 'गो' म्हटलं की प्रोग्राम प्रवासाला निघे, हे त्यांना ठाऊक असतं. "निघाला तो गेलाच," एवढाच त्यावर शेरा. आयबीएमच्या टोकियो प्रयोगशाळेतल्या अ‍ॅगलेट्सवरचा राग अधिक तपशीलवार आहे. जावातला ऑब्जेक्ट पलीकडे पोचतो, पण एक्झिक्युशन स्टॅक मागेच राहतो. "आपण कुठल्या ओळीवर होतो हेच ज्याला आठवत नाही, त्याला मी काम सांगू?"

आयबीएमच्याच १९९५च्या अहवालाचा अर्धा निष्कर्ष त्यांना तोंडपाठ आहे: एजंटांचा एकेक फायदा दुसऱ्या मार्गानेही मिळवता येतो. सगळे फायदे एकत्र मोजले तर पारडं एजंटांकडे झुकतं, हा उरलेला अर्धा त्यांच्या प्रिंटआउटमध्ये उमटलेलाच नाही. १९९९ मध्ये लांगे आणि ओशिमा यांनी एजंटांच्या बाजूने सात कारणं दिली, २००४ मध्ये जिओव्हानी विन्या यांनी अपयशाची दहा. सीनियर वजाबाकी करून मोकळे होतात.

सुरक्षेचा विषय निघाला की आवाज चढतो. "अनोळखी पाहुणा घरात घ्यायचा, आणि वर त्यानेच विचारायचं, यजमान भरवशाचा आहे ना?"

हे बजावताना त्यांचा हात टर्मिनलवर 'एनपीएम इन्स्टॉल' मारत असतो. जगभरातल्या अनोळखी माणसांची शेकडो पॅकेजेस भराभर उतरतात. काही तर येताक्षणीच आपली स्क्रिप्ट चालवतात. २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' नावाचं अकरा ओळींचं पॅकेज एनपीएमवरून काढून घेतलं गेलं, तेव्हा कितीतरी प्रकल्पांचे बिल्ड कोसळले होते. पोरगा भीतभीत तिकडे बोट दाखवतो.

"ते वेगळं," सीनियर चष्मा चढवत म्हणतात. "त्यांना आपण स्वतः आणायला जातो."