काळीज मोजणं समालोचकाचं काम नव्हे

१ जानेवारी २०२२. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा हा सणाचा दिवस. ईएसपीएनच्या 'कॉलेज गेमडे' कार्यक्रमात समालोचक कर्क हर्बस्ट्रीट बोलून गेले की, आजच्या पिढीतल्या खेळाडूंचं फुटबॉलवर प्रेमच नाही. शेजारी बसलेल्या डेस्मंड हॉवर्ड यांनीही ही मुलं स्वतःला हक्कदार समजतात, असं म्हटलं. हॉवर्ड मिशिगनचे, १९९१च्या हाइझमन पुरस्काराचे विजेते. हर्बस्ट्रीट ओहायो स्टेटचे, १९९२च्या संघाचे कर्णधार. त्यांचे वडीलही त्याच संघाचे कर्णधार होते. या दोन कॉलेजांचं वैर शंभर वर्षांहून जुनं आहे. पण आपल्यामागून आलेल्या पोरांना बोल लावताना दोघांचं लगेच जमलं.

निमित्त होतं त्याच दुपारच्या रोज बोल या हंगामाअखेरच्या सामन्याचं. ओहायो स्टेट विरुद्ध युटा. ओहायो स्टेटच्या चौघांनी हा सामना न खेळण्याचा निर्णय आधीच जाहीर केला होता. गॅरेट विल्सन आणि क्रिस ओलावे हे दोन बिनीचे रिसीव्हर त्यांत होते. विजेतेपदाची संधी हुकलेली, एप्रिलमध्ये व्यावसायिक संघांची निवड, म्हणजे एनएफएलचा ड्राफ्ट, तोंडावर आलेला. मधला हा एक सामना मानाचा होता, पण अजिंक्यपदाच्या हिशेबात त्याला जागा नव्हती.

'प्रेम नाही' हा शेरा कुणाला लागला, ते पाहा. ओलावे वर्षभर आधीच कॉलेज सोडून ड्राफ्टमध्ये जाऊ शकला असता. अजिंक्यपदाचा सामना हरल्यावर तो गेला नाही, आणखी एक हंगाम खेळायला परत आला. त्या हंगामात त्याने ओहायो स्टेटसाठी सर्वाधिक टचडाउन झेलण्याचा विक्रम मोडला; एकूण ३५. एवढं देऊन झाल्यावर त्याने एक सामना सोडला. तेवढ्यावरून त्याचं प्रेम संशयित ठरावं? आणि तेही त्याच गणवेशात वाढलेल्या माणसाकडून?

ही मुलं कशाला भ्यायली, हे ओहायो स्टेटच्या माणसाला तरी सांगावं लागू नये. १ जानेवारी २०१६च्या फिएस्टा बोलमध्ये समोर ओहायो स्टेटच होतं. नोत्र दामचा जेलन स्मिथ त्या सामन्यात गुडघा दुखावून पडला. अस्थिबंध तुटले, नसेला इजा झाली. पहिल्या चार-पाचांत निवड होईल असं ज्याच्याबद्दल बोललं जात होतं, तो ३४वा निवडला गेला आणि पुढचा संपूर्ण हंगाम त्याला बाहेर बसावं लागलं. त्याच वर्षाच्या शेवटी मिशिगनच्या, म्हणजे हॉवर्ड यांच्याच कॉलेजच्या, जेक बटचा गुडघा ऑरेंज बोलमध्ये गेला आणि तो पाचव्या फेरीपर्यंत घसरला. या घसरणीत लाखो डॉलर जातात, आणि पहिला करार हाच बहुतेकांचा एकमेव मोठा करार असतो.

हर्बस्ट्रीट यांच्या त्या वाक्याला एक दिवसही पुरा झाला नव्हता. त्याच रात्री शुगर बोलमध्ये ओल मिसचा क्वार्टरबॅक मॅट कोरल पहिल्याच सत्रात घोट्याला दुखापत होऊन बाहेर गेला. त्याला घरी बसता आलं असतं. तो सोबत्यांसाठी उतरला होता. त्याचं प्रेम सिद्ध झालं म्हणायचं, तर किंमत कुणी मोजली?

मला सगळ्यांत खटकतं ते पुढचं. महिनाभर आधी प्रशिक्षक लिंकन रायली ओक्लाहोमा सोडून सदर्न कॅलिफोर्नियाला गेले. प्रशिक्षक ब्रायन केली नोत्र दाम सोडून लुइझियाना स्टेटला गेले, १० वर्षांच्या सुमारे साडेनऊ कोटी डॉलरच्या करारावर. त्या वेळी नोत्र दामला अजिंक्यपदाच्या फेरीत जाण्याची थोडी आशा अजून शिल्लक होती. दोघांनीही आपापल्या संघाचा बोल सामना सोडला. नोत्र दामची मुलं नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली तो सामना खेळली आणि दोन गुणांनी हरली. त्या मुलांना केली यांनीच कॉलेजात आणलं होतं. प्रशिक्षकांवर तेव्हा टीका झाली, नाही असं नाही. पण त्यांच्या अख्ख्या पिढीचं फुटबॉलवर प्रेम नाही, असं कुणी म्हटलं नाही. प्रशिक्षक गेला की ती बढती, विशीतला पोरगा थांबला की तो प्रेमाचा अभाव. हा दुजाभाव आहे आणि तो उघडपणे म्हणायला हवा.

ज्या वाहिनीवरून हे बोललं गेलं, तिच्या मालकीचे डझनाहून अधिक बोल सामने आहेत. बाकीच्या बहुतेकांचं प्रक्षेपणही तिच्याकडेच. चांगला खेळाडू बसला की प्रेक्षक घटतात आणि वाहिनीचं नुकसान होतं. हर्बस्ट्रीट मालकांच्या सांगण्यावरून बोलले असं मी म्हणत नाही. ते मनापासूनच बोलले असणार. पण त्या खुर्चीत बसून कुणाच्या निष्ठेवर बोलताना हा हितसंबंध प्रेक्षकांसमोर ठेवायला हवा. तो कुणी ठेवला नाही. आणि हर्बस्ट्रीट स्वतः एनएफएलमध्ये खेळले नाहीत. त्यात कमीपणा काहीच नाही. मात्र एका गुडघ्यावर पुढचं सगळं आयुष्य टांगलेलं असण्याची ती विशिष्ट भीती त्यांच्या वाट्याला आली नव्हती, एवढं ध्यानात ठेवून बोलणं जमलं असतं.

याचा अर्थ माजी विद्यार्थ्याने आपल्या कॉलेजच्या पोरांवर टीका करूच नये, असा मुळीच नाही. उलट ती त्यानेच करावी. चेंडू सोडायला क्वार्टरबॅकने एक क्षण उशीर केला, बचावातला शेवटचा माणूस फसव्या चालीला भुलला, थकल्यावर टॅकल करताना खांदे पडले, हे हर्बस्ट्रीट ज्या नेमकेपणाने दाखवतात, तसं दाखवणारे फार थोडे. ओहायो स्टेटच्या काही चाहत्यांना तेही सहन होत नव्हतं. आपल्या माणसाने आपल्याविरुद्ध बोललंच कसं, म्हणून त्यांनी या कुटुंबाला इतका जाच केला की २०११मध्ये हर्बस्ट्रीट कोलंबस सोडून नॅशव्हिलला राहायला गेले. त्या चाहत्यांचं वागणं लाजिरवाणं होतं. खोटं कौतुक ऐकायचं असेल, तर समालोचक हवा कशाला?

खेळावरची टीका आणि मनावरची टीका यांत फरक आहे. २०१९च्या क्रिकेट विश्वचषकात आपल्या संजय मांजरेकरांनी रवींद्र जडेजाला तुकड्या-तुकड्यांचा खेळाडू म्हटलं. बोचरं होतं, पण खेळाबद्दल होतं. जडेजाने उपांत्य सामन्यात ५९ चेंडूंत ७७ धावा करून उत्तर दिलं आणि मांजरेकरांनी ते मान्य केलं. खेळावरच्या टीकेला मैदानात उत्तर देता येतं. 'तुझं प्रेम नाही' याला खेळाडूने कुठे उत्तर द्यायचं?

शिवाय हेल्मेटच्या आत काय चाललंय, ते वरच्या कक्षातून दिसत नाही. त्याच हंगामातल्या ओहायो स्टेटच्या संघात हॅरी मिलर नावाचा लाइनमन होता. मार्च २०२२मध्ये त्याने खेळ सोडला आणि जाहीरपणे सांगितलं की, हंगामाआधी आपण प्रशिक्षक रायन डे यांना आत्महत्येचा विचार बोलून दाखवला होता. डे यांनी त्याला ताबडतोब उपचारांपर्यंत नेलं. हर्बस्ट्रीट मिलरबद्दल बोलले नव्हते, हे स्पष्ट सांगतो. पण मन न दिसता मनाबद्दल बोलण्यात केवढी जोखीम आहे, ते मिलरमुळे कळतं.

त्याच दिवशी हर्बस्ट्रीट यांनी खुलासा केला: काहींचं प्रेम पूर्वीइतकंच आहे, काहींचं नाही, सरसकट बोललो असं वाटलं असेल तर माफ करा. ही अर्धी माघार होती. 'काही' म्हणजे कोण, हा प्रश्न तसाच राहिला आणि संशय त्या चौघांवर कायम राहिला.

सामन्याचं काय झालं, तेही सांगतो. विल्सन आणि ओलावे यांच्या गैरहजेरीत जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बाने ३४७ यार्डांचे झेल घेतले, मार्व्हिन हॅरिसन ज्युनियरने तीन टचडाउन केले, ओहायो स्टेट ४८-४५ जिंकलं. तो रोज बोल आजही चवीने आठवला जातो. एप्रिलमध्ये विल्सन दहावा आणि ओलावे अकरावा निवडला गेला.

आणि ती पिढी? जॅक सॉयर, जेटी तुइमोलोआउ, एमेका एगबुका, ट्रेव्हियन हेंडरसन हे सगळे तेव्हा पहिल्या वर्षाला, त्याच संघात होते. २०२४मध्ये त्यांना ड्राफ्टचं दार उघडं होतं. जुलै २०२१पासून खेळाडूंना आपल्या नावावर कमाई करता येऊ लागली होती, त्यामुळे थांबणं परवडत होतं. अजिंक्यपदाची फेरीही चारऐवजी बारा संघांची झाली होती. ते थांबले. मिशिगनकडून १३-१० असे हरले, शिव्या खाल्ल्या आणि त्यानंतर बाद फेरीतले चारही सामने जिंकून २० जानेवारी २०२५ला नोत्र दामला ३४-२३ हरवून विजेते झाले. त्या विजयानंतर हर्बस्ट्रीट यांना टीव्हीवर रडू आवरलं नाही. त्यांच्या प्रेमाबद्दल मला कधीच शंका नव्हती. ज्यांनी त्यांना रडवलं, ती मुलं २०२२मध्ये त्यांनी प्रेमशून्य म्हटलेल्या पिढीचीच होती. तेव्हाचं ते वाक्य त्यांनी आता पूर्ण मागे घ्यावं.