एका ताज्या अल्बमचं परीक्षण

दिल्लीच्या 'इंडियन ओशन' या रॉक बँडचा 'कंदीसा' हा नवा अल्बम २००० साली आला. त्याचंच हे परीक्षण.

थोडा उशीर झाला, असं कोणी म्हणेल. गोंदियाच्या ज्या संपादकांनी मला ते लिहायला सांगितलं होतं, तेही काही वर्षं असंच म्हणत होते. मग त्यांचं मासिक बंद पडलं आणि तगादा आपोआप संपला. पण मी पडलो बालाघाटचा. जबलपूरची गाडी आमच्याकडे अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून यायची, २०१५ साली ती बंद होईपर्यंत. 'किती वाजता येते?' असं विचारणारा हमखास पाहुणा असे. गावचा माणूस 'आज येऊन राहिली ना?' एवढंच विचारायचा. १९५६ साली आमची राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली. आमच्या आजोबांनी ती बातमी शेवटपर्यंत मनावर घेतली नाही. त्या मानाने पंचवीसेक वर्षांत एक परीक्षण, हा वेग बरा म्हणायचा.

शुक्रवारी अल्बम आला की शनिवारी ज्यांचं परीक्षण छापून येतं, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. एकदा ऐकून त्यांना त्यात नादाचे थर, अवकाश, पोत वगैरे सापडतात. मला पहिल्यांदा ऐकताना शेजारच्या चक्कीचा पट्टा तेवढा ऐकू येतो. शिवाय ही मंडळी कानात बोंडं घालून एकटी ऐकतात. बालाघाटात एकट्याने गाणं ऐकायची सोय नाही. कॅसेट लावली की भिंतीपलीकडून भरवेलीच्या मँगनीज खाणीतून रिटायर झालेले काकाजी विचारणार, "काय लावून राहिला रे बाबू?" आणि उत्तराची वाट न बघता चपला घालून येणार. इथे परीक्षण कमिटीच करते. लिहायचं काम तेवढं माझ्याकडे.

आधी बँडची माहिती. सुस्मित सेन गिटारवर आणि असीम चक्रवर्ती तबला नि गाण्यावर, अशी ही जोडी ऐंशीच्या दशकात जमली. १९९० साली बँडला नाव मिळालं, तेही सुस्मितच्या वडिलांनी सुचवलेलं. कमिटीचा यावर विश्वास बसेना. पोराच्या बँडला बाप नाव ठेवतो? आमच्याकडे बाप नावं ठेवतात. मग राहुल राम आला. याने अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणातल्या विषारी द्रव्यांवर पीएचडी केली, परत येऊन नर्मदा बचाओ आंदोलनात काम केलं, आणि बँडमध्ये तो बेस गिटार वाजवतो.

"पीएचडी करून?" काकाजी.

"हो."

"नोकरी लागली नसंल."

ड्रमवर अमित किलम. १९९३ साली पहिला अल्बम, मग 'डेझर्ट रेन', आणि त्यानंतर हा 'कंदीसा'. सिनेमात नाही, हिरो नाही, हिरॉईन नाही, बर्फात नाच नाही. अशा संगीताला इंडी म्हणतात, असं मी काकाजींना समजावलं. त्यांनी सांगितलं की रॉकचं त्यांना काही सांगायला नको, त्यांनी तीस-पस्तीस वर्षं तेच फोडलं. आणि हेवी मेटल म्हणाल तर एकीकडे भरवेलीचं मँगनीज आणि दुसरीकडे मलाजखंडचं तांबं. या जिल्ह्याइतका हेवी मेटलचा साठा लंडनातही सापडणार नाही.

आता गाण्यांकडे वळतो. एकूण सात. 'लीव्हिंग होम'मध्ये सुस्मितची गिटार बोलते आणि बाकीचे तिचं ऐकतात. ती गिटार विलायती वाद्य आहे हे मधूनमधून विसरायला होतं, सूर असा ओढून-ओढून घेतो हा माणूस. खाली राहुलचा बेस: शेजारच्या घरात कोणी पाट्यावर पुरण वाटायला बसावं तसा घुमतो, दिसत नाही, पण भिंतीला हात लावला की कळतं काम चालू आहे. आमच्या टेपरेकॉर्डरचा स्पीकर सहा इंची, त्यामुळे पहिली चार वर्षं मला बेस ऐकूच आला नव्हता. तेव्हाच परीक्षण लिहिलं असतं तर बँडमध्ये तिघंच आहेत असं छापून आलं असतं.

'हिल्ले ले' हे गोरख पांडे या क्रांतिकारी कवीचं भोजपुरी वळणाचं गाणं. जनता चालून येते आणि जग हलतं, असा मामला. आमच्या चिरंजीवांनी कॉलेजच्या मित्रांना घेऊन ते गणपतीच्या मांडवात बसवलं. मंडळाच्या सेक्रेटरींना शब्दांची चौकशी करायची सुचली नाही, कारण ठेका नाचण्याजोगा होता. त्या संध्याकाळी आरतीला आलेले नेते पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसून मांडीवर ताल धरत होते, आणि स्टेजवरून पोरं त्यांचीच खुर्ची हलवण्याचं गाणं तन्मयतेने गात होती. शेवटी नेत्यांनी खूश होऊन पाचशे एक रुपये दिले. रॉक संगीताच्या इतिहासात सत्तेने इतक्या प्रेमाने आपल्याविरुद्धचं बंड स्पॉन्सर केल्याचं दुसरं उदाहरण माझ्या वाचनात नाही.

ज्या गाण्याचं नाव अल्बमला दिलंय ते 'कंदीसा' म्हणजे केरळातल्या सीरियन ख्रिश्चनांची जुनी प्रार्थना, येशूच्या काळातल्या अरामी भाषेच्या घराण्यातली. यातला एक शब्द घरात कोणाला कळला नाही, आणि कोणाचं काही अडलंही नाही. असीमचा आवाज खाली बसून सुरू होतो आणि एकेक पायरी चढत जिथे पोचतो तिथे बोलणं बंद होतं. काकाजींचंसुद्धा. हा माणूस २००९च्या डिसेंबरात गेला. बातमी कळली त्या रात्री काकाजी स्वतः म्हणाले, "लाव रे ते न समजणारं." सातही गाण्यांत माझ्या मते हेच वरचढ. 'क्या मालूम' आणि 'कौन' मला ठीक वाटतात, त्यांच्यावर भांडायला कोणी आलं नाही.

खरा वाद पेटला 'मा रेवा'वर.

रेवा म्हणजे नर्मदा. नर्मदेच्या खोऱ्यातलं लोकगीत राहुल राम आंदोलनातून घेऊन आला आणि बँडने त्याला गिटार-ड्रम चढवले. आमच्या आईने ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. चिन्नोरचे, वासाचे. सूप बाजूला ठेवून तिने हात जोडले. तेव्हापासून कॅसेट देवघराच्या फळीवर गेली, हळदीकुंकवाच्या कोयरीशेजारी. गाणं लावायचं तर आंघोळ करून. चिरंजीव सांगत राहिले की हा रॉक आहे. आई म्हणाली, असंल, मैयाला सारेच आपले.

त्या कॅसेटची फीत एकदा टेपरेकॉर्डरने गिळली, नेमकी याच गाण्यात. मी पेन्सिलने गुंडाळून बाहेर काढली, चुरगळलेला बोटभर तुकडा कापला आणि चिकटपट्टीने दोन टोकं जोडली. त्यामुळे आमच्या प्रतीत एका ठिकाणी ओळ मध्येच तुटते, 'खट' असा आवाज येतो आणि राहुल राम पुढच्या ओळीतून निघतो. घरात सगळे ते गाणं तसंच गुणगुणतात: ओळ, खट, पुढची ओळ. सून नवी घरात आली तेव्हा तिने मोबाइलवर अख्खं लावलं, तर आई म्हणाली, "हे कोणी दुसरं गाऊन राहिलं का? आपल्यावालं चांगलं होतं." मूळ गाण्यापेक्षा खटवालं गाणं तालात जास्त बसतं, हे माझंही मत आहे. बँडने पुढच्या आवृत्तीत विचार करावा.

पण वाद त्यावर नव्हता. काकाजींना एके दिवशी अल्बमची यादी नीट दिसली. चष्मा कपाळावर सारून त्यांनी वाचलं: 'मा रेवा'. आणि त्यातच 'खजुराहो रिव्हिजिटेड'.

"नर्मदा झाली. खजुराहो झालं. पुरा एमपी फिरले हे लोक. वैनगंगा कुठंय?"

मी म्हटलं, सगळ्याच नद्या कशा घेणार?

"इंग्रजाच्या पुस्तकात आहे ना मग?" हे मात्र खरं. किपलिंगच्या १८९४ च्या 'जंगल बुक'मध्ये वैनगंगा आहे. शेरखान तिच्याच काठी राहतो. इंग्रज लेखकाला जी दिसली ती दिल्लीच्या पोरांना दिसू नये, याचं काकाजींना लागलं. वैनगंगेला आमच्याकडे कोणी मैया म्हणून गात नाही, परिक्रमा करत नाही. ती गावाजवळून मुकाट वाहते, धानाला पाणी देते, पावसाळ्यात पुलाला लागली की बातमीत येते.

इथे आमच्या सौभाग्यवतींनी तोंड घातलं. त्यांचं माहेर बैहरचं. त्यांच्याकडची बंजर नदी उत्तरेला मंडल्याला जाते आणि नर्मदेला मिळते, म्हणून 'मा रेवा' त्यांच्या माहेरचं गाणं. आमचा जिल्हा तसा पाणलोटाच्या धारेवरच बसलाय: बैहरच्या वरच्या पठारावरचं पाणी रेवेकडे, खाली बालाघाटचं पाणी वैनगंगेतून गोदावरीकडे. एकाच घरात एक नदी अरबी समुद्राला जाणारी आणि दुसरी बंगालच्या उपसागराला. बँडचं नाव इंडियन ओशन असल्याने शेवटी दोन्ही त्यांच्याकडेच जातात, असं मी समेटाचं बोललो. दोन्ही बाजूंनी मला गप्प बसवलं.

दरम्यान बँड थांबला नव्हता. २०१० साली त्यांनी अल्बम फुकट वाटला, दर महिन्याला एक गाणं इंटरनेटवर. ("फुकट? मग काहीतरी गडबड असंल.") त्याचं नाव '१६/३३० खजूर रोड': दिल्लीच्या करोलबागेतलं ते जुनं घर, जिथे त्यांची तालीम चालायची. पत्ता हेच नाव ही कल्पना मला फार आवडली. आमच्याकडे कधी बँड निघाला तर 'काली पुतली चौक' हे नाव तयारच आहे, त्यात एक अक्षर बदलायची गरज नाही. पुढे सुस्मित बाहेर पडला, निखिल राव आला, २०१४ साली 'तंदानू', २०२३ साली 'तू है'. 'तू है' चिरंजीवांनी आणलाय आणि सध्या घरात लागतो. तो फारच नवा असल्यामुळे त्यावर इतक्यात बोलणं बरोबर नाही.

पत्त्याचा मात्र काकाजींनी वेगळाच उपयोग काढला. ज्या अर्थी बँडने जगाला पत्ता दिलाय, त्या अर्थी पत्र टाकायला हरकत नाही. विषय: वैनगंगेवर गाणे करणेबाबत. मसुदा माझ्याकडे. काकाजींचं म्हणणं, आधी माहिती द्या: सिवनी जिल्ह्यात उगम, मग बालाघाट, गोंदिया, भंडारा, पुढं चंद्रपूर-गडचिरोलीकडे, तिथं वर्धेला भेट, मग नाव प्राणहिता. चिरंजीवांचं म्हणणं, इतकं सगळं गायचं तर गाणं पाऊण तासाचं होईल. काकाजी म्हणाले, नदी काय चार मिनिटांची आहे का? सौभाग्यवतींना बंजरसाठी एक अंतरा पाहिजे. आईला चिन्नोर तांदळाचा उल्लेख पाहिजे, आता त्याला जीआय का काय ते मिळालं आहे म्हणतात. आणि काकाजींना मध्ये एकदा खाणीचा भोंगा वाजलेला हवा, खरा, रेकॉर्ड करून ते स्वतः पाठवतील.

भाषेवरून तर कामच अडलं आहे. उगम हिंदीत आहे म्हणून हिंदी. जास्तीत जास्त वाहते मराठीत म्हणून मराठी. आणि आमच्या काठावर धान लावणारी बाई गाते पवारीत, म्हणून पवारी. सध्या 'माननीय महोदय' एवढं लिहून झालंय. गिटार वाजवणाऱ्या माणसाला 'माननीय' लिहावं की नाही, यावर काकाजी विचार करून राहिले आहेत.