दक्षिणमुखी

बजाजनगरात एखादी गोष्ट घडली की नाही, हे फ्लेक्सवरून ठरतं. वाढदिवस असो, निवड असो, दशक्रिया असो की कुणाच्या पोराला बारावीत मिळालेले टक्के असोत; फ्लेक्स लागला तर घडलं, नाही लागला तर अफवा. वाळूजला १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, लहानमोठ्या कंपन्या आल्या आणि ठिकठिकाणचे लोक शिफ्टच्या वेळा सांभाळत इथे राहायला लागले. गावं वेगळी, बोली वेगळ्या, भाजीत शेंगदाण्याचा कूट घालावा की नाही यावर मतं वेगळी. फ्लेक्स मात्र सगळे उभं राहून वाचतात.

म्हणून आषाढीच्या आधीच्या बैठकीत मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "यंदा नकाशाचाच फ्लेक्स लावू," तेव्हा कुणी हरकत घेतली नाही. आमच्या शेजारी, नगर हायवेलगत, पंढरपूर नावाचंच गाव आहे. तिथलं विठ्ठलमंदिर म्हणजे आमचं छोटे पंढरपूर. ज्याला चंद्रभागेपर्यंत जायला रजा मिळत नाही तो आषाढीला इथे येतो, आणि रजा न मिळणारे लोक लाखांनी असतात. काही दिंड्या आमच्या कॉलनीवरून जातात. त्यांच्यासाठी आम्ही चहा, केळी, साबुदाण्याची खिचडी अशी सोय करतो. पण खिचडी एका गल्लीत आणि वारकरी दुसऱ्या गल्लीत, असं नेमकं होतं. पत्ता सांगावा तर प्लॉटांचे नंबर आरएच, आरएल असे. ते ऐकून वारकरी विचारतात, "रक्तदान शिबिर आहे का?"

"नकाशा काढणार कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

मी हात वर केला. बायकोने डोळ्यांनी तो खाली घ्यायला सांगितलं. पण ती महिला मंडळाच्या रांगेत होती आणि मी चष्मा काढून ठेवला होता.

माझी पात्रता अशी, की कंपनीने मला एकदा जीआयएसच्या कार्यशाळेला पाठवलं होतं. आग विझवायच्या पाइपलाइनचा नकाशा करायचा होता. तो झाला नाही, पण क्यूजीआयएस नावाची प्रणाली माझ्या लॅपटॉपवर राहिली. गॅरी शर्मन या माणसाने २००२ साली अलास्कात बसून तिची सुरुवात केली, पुढे जगभरच्या लोकांनी ती वाढवली आणि ती फुकट मिळते. फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल मला आपोआप अधिकारवाणी येते.

नकाशा तसा झटपट झाला. उपग्रहाचं चित्र खाली ठेवून रस्ते गिरवले, घरांचे चौकोन काढले, बाकीचं ओपनस्ट्रीटमॅपवरून घेतलं. प्रक्षेपण यूटीएमचा ४३ वा पट्टा. त्याची मध्यरेषा ७५ अंश पूर्व रेखांशावर आणि बजाजनगर तिच्यापासून जेमतेम पाव अंश. त्यामुळे वाकडेपणाबद्दल पृथ्वीच्या गोलाईला दोष देण्याची सोय नव्हती. पुढे जो वाकडेपणा झाला तो संपूर्ण स्वदेशी आहे.

मग आलं लेआउट. शाळेच्या भूगोलात 'नकाशाची अंगे' असायची: शीर्षक, दिशा, प्रमाण, सूची. दोन गुणांना हमखास येणारा प्रश्न. मी ही अंगे दागिन्यांसारखी समजत आलो होतो. नवरी तयार झाली, आता शेवटी नथ आणि बाजूबंद.

प्रमाणपट्टी टाकली. एककांच्या यादीत मीटर, किलोमीटर, फूट, यार्ड आणि नॉटिकल मैलसुद्धा निघाले. क्षणभर मोह झाला. पण आमच्याकडे सागर म्हणावा असा एक पैठणचा नाथसागर, आणि दिंडीचा रस्ता त्यातून जात नाही. मीटर घेतले. पट्टीशेजारी भारदस्त दिसावं म्हणून स्वतः टाइप केलं: 'प्रमाण १ : २५००'. असा आकडा असला की नकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून आल्यासारखा वाटतो.

सूचीला तर काही करावंच लागलं नाही. एक बटण दाबलं, की प्रकल्पात जेवढे थर आहेत तेवढे ती आपण होऊन मांडते, चौकोन आणि रंगांसकट. मी तिच्यावर भरवसा ठेवून चहा प्यायला गेलो.

उत्तरदर्शक बाणावर मात्र मी संध्याकाळ घालवली. प्रणाली देते तो बाण साधा, काळा, हिशेबनीसासारखा दिसत होता. त्याची एक खुबी आहे: नकाशा फिरवला की तो बरोबर फिरतो. पण मला रुबाब हवा होता. मी सोळा टोकांचं सोनेरी होकायंत्र कुठूनसं उतरवून घेतलं आणि साधं चित्र म्हणून डकवलं. चित्राला नकाशाशी जोडायची एक चौकट असते, तिच्यात टिक करायची असते. नकाशा सरळ उभा होता, उत्तर वर होती, टिक कशाला? खाली उजव्या कोपऱ्यात 'नकाशाकार' म्हणून माझं नाव घातलं. अक्षरं जरा ठळक ठेवली. वयस्कर लोकांना वाचता यावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांचा फोन. "चौकट आडवी आहे हो मंडळाची. सहा बाय तीन. तुमचा नकाशा उभा दिसतोय."

आमची कॉलनी उत्तर-दक्षिण लांब आहे. मी रोटेशनच्या रकान्यात ९० लिहिलं. कॉलनी निमूटपणे कुशीवर वळली, ए-थ्री कागदावर आडवी मस्त बसली. होकायंत्र जागचं हललं नाही. त्याचं सोनेरी टोक वरच बघत राहिलं आणि मला ते आणखीच रुबाबदार वाटलं.

फ्लेक्सच्या दुकानातल्या पोराने फाइल उघडली, तर 'मंदिर'चं 'मंदरि' आणि 'खिचडी'ची 'खचिडी' झालेली. याचा उपाय मला ठाऊक होता: पीडीएफ काढताना अक्षरं अक्षरं म्हणून न पाठवता त्यांच्या आकृत्या करून पाठवायच्या. तसं केलं, वेलांट्या जागेवर आल्या. या सगळ्या प्रकरणात माझं बरोबर ठरलेलं काम हे एवढंच, म्हणून नोंदवून ठेवतो.

ए-थ्री कागद ४२० बाय २९७ मिलिमीटर. त्याला सहा बाय तीन फुटांत बसवायचं म्हणून पोराने माऊसने कोपरा धरला आणि ओढला. रुंदी सव्वाचार पटींहून अधिक वाढली, उंची तीनच पट. गोल पाण्याची टाकी लंबगोल झाली. मला राहवलं नाही. मी त्याला विल्यम लँबटनची गोष्ट सांगितली. १८०२ साली मद्रासला पायारेषा मोजून तो देश मोजायला निघाला, पोलादी साखळी उन्हाने किती लांबते याचाही हिशेब ठेवला, आणि १८२३ साली काम चालू असतानाच आपल्या हिंगणघाटला वारला. तिथे त्याची कबर आहे.

"काका," पोरगा म्हणाला, "तुमचं दहा मिनिटांत होतंय. शुभेच्छुकांचे फोटो आणलेत का?"

फोटो आणले होते. त्यांना खालची पट्टी लागली आणि ओपनस्ट्रीटमॅपचं श्रेय, जे देणं हीच त्यांची अट असते, एका युवा नेत्याच्या हनुवटीखाली गेलं. माझं नाव कसंबसं वाचलं. वाचलं म्हणजे मी पोराला वाचवायला लावलं.

फ्लेक्स चढला त्या संध्याकाळी आमच्या ओळीतले एक काका घरी आले. रिटायर्ड माणूस. पूर्वमुखी म्हणून प्लॉटला चार पैसे जास्त मोजलेले.

"आमचं घर दक्षिणमुखी कधी झालं?"

"काका, पूर्वमुखीच आहे."

"फ्लेक्सवर दक्षिणमुखी आहे. आमचंच नाही, अख्खी ओळ. तरीच म्हणतो, मुलाचं जमत का नाही."

मी म्हणालो, सकाळी सूर्य दारासमोरच उगवतो ना?

"तो उगवेल हो. त्याचं काय, तो सवयीने उगवतो. नकाशात काय आहे?"

तेव्हा मला सोनेरी होकायंत्र आठवलं. कॉलनी घड्याळाच्या काट्याप्रमाणे काटकोनात वळली होती. पूर्व खाली आली होती आणि बाण अजून वरच उत्तर सांगत होता. नकाशात वर काय ठेवावं याला कायदा नाही. ११५४ साली अल्-इद्रिसीने सिसिलीच्या राजाला जगाचा नकाशा करून दिला, त्यात दक्षिण वर होती. मध्ययुगातल्या युरोपातल्या कितीतरी नकाशांत पूर्व वर असायची. हे सगळं मी काकांना सांगितलं. फरक एवढाच, की इद्रिसीला आपण काय वर ठेवलंय ते ठाऊक होतं. हे नाही सांगितलं.

दुसरे गृहस्थ सकाळच्या फेरीला जाणारे. कंपनीत क्वालिटीला होते, खिशात मेजरिंग टेप अजून असते. त्यांनी फ्लेक्सवर गेटपासून बागेपर्यंत टेप लावली: ४० सेंटिमीटर. गुणिले २५००, बरोबर एक किलोमीटर.

"डॉक्टरांनी चार किलोमीटर सांगितलेत," ते खुशीत म्हणाले. "बागेपर्यंत दोनदा जाऊन आलं की झालं. मी उगाच तासभर चालत होतो."

बाग गेटपासून सुमारे २३० मीटरवर आहे. मी त्यांना समजावलं, की १ : २५०० हे ए-थ्री कागदापुरतं खरं होतं. कागद मोठा केला की पट्टी त्याच्याबरोबर वाढते, पण टाइप केलेला आकडा वाढत नाही, तो जुनंच सांगत बसतो. फ्लेक्सवर आडवं प्रमाण आता साधारण १ : ५७५ आहे.

"आडवं म्हणजे?"

"उभं वेगळं आहे. साधारण १ : ८१०."

त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. "मग मी आडवा चालू की उभा?"

सूचीचं सांगायला नको वाटतं, पण फ्लेक्स चौकात होता, लपणार कुठे. मंडळाच्या खजिनदारांनी मला विश्वासाने एक यादी दिली होती, आणि मी सरावासाठी तिचा एक थर करून पाहिला होता. नंतर तो थर बंद केला. नकाशावर तो दिसत नव्हता. पण सूचीला बंद आणि चालू यात फरक वाटत नाही, तसं तिला बजावावं लागतं. त्यामुळे 'पिण्याचे पाणी', 'चहा', 'खिचडी' यांच्याखाली लाल चौकोन आणि त्याच्यापुढे शुद्ध मराठीत 'वर्गणी थकबाकीदार' असं छापून आलं. बरं, नकाशावर लाल चौकोन होते. ते महावितरणच्या डीपीचे. संगणकावर ते लाल जरा वेगळं होतं. फ्लेक्सच्या शाईला तेवढा बारकावा झेपला नाही.

ज्यांच्या दारात डीपी होती ते पावत्या घेऊन चौकात आले. एका ताईंनी तर मागच्या गणपतीचीही पावती आणली. ज्यांची वर्गणी खरोखर बाकी होती ते कुठे काही बोलले नाहीत, पण रात्री खजिनदारांकडे गुपचूप पैसे पोहोचते झाले. खजिनदार मला म्हणाले, दिवाळीलाही असाच एक नकाशा काढा.

दुसरा फ्लेक्स माझ्या पैशांतून झाला. या वेळी मी पान आधीच सहा बाय तीनच्या मापात घेतलं, म्हणजे ओढाओढ नको. टाइप केलेला आकडा काढून नुसती पट्टी ठेवली. सूचीतली एकेक ओळ हाताने तपासली. सोनेरी होकायंत्र टाकून प्रणालीचा तोच साधा काळा बाण घेतला, नकाशाला जोडला, आणि तो आज्ञाधारकपणे वळून उजवीकडे बघू लागला. त्याच्या टोकाशी 'उ' लिहिलं. ठळक लिहिलं. काकांनी येऊन पाहिलं, आपली ओळ पूर्वमुखी असल्याची खात्री केली आणि मुलाच्या स्थळाचं बघायला फुलंब्रीला गेले. नकाशात आता काढायला एकही चूक नव्हती.

एकादशीच्या सकाळी टाळांचा आवाज आमच्या गल्लीत आला. आमची गल्ली बंद आहे. तिच्या टोकाला आमचं घर, पुढे कंपाउंड वॉल. दार उघडलं तर विणेकरी समोर, मागे पताका, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, आणि गल्लीच्या तोंडापर्यंत माणसंच माणसं.

"रामकृष्णहरी माउली. फराळ इथेच ना?"

"फराळ मागच्या चौकात आहे," मी म्हणालो. "नकाशात खिचडीचं चिन्ह..."

"चिन्हं बारीक आहेत हो. मोठा तो बाण. गेटातून उजवीकडे. त्याच्यावर लिहिलंय की 'उ'. उपवासाचं."

बायको मागे येऊन उभी राहिली होती. तिने माणसं मोजायला सुरुवात केली, अर्ध्यात सोडून दिली आणि मला म्हणाली, "अहो, दुकान उघडलं असेल तर साबुदाणा आणा. नाही, आधी कॅन घेऊन दुधाचं बघा."

विणेकरीबुवा पायरीवर टेकले. पाणी प्यायले. मग सहज चौकशी करावी तसं विचारलं, "नकाशा काढलाय कुणी हा?"

मी म्हणालो, मंडळाचं काम आहे, कल्पना नाही.

"यांनीच," बायको आतून म्हणाली. "खाली उजवीकडे नाव आहे बघा. तेवढं बारीक नाही."