पेटी उघडण्यापूर्वी वाचावे

ही मार्गदर्शिका सर्वांसाठी नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडला बदली झालेला, एकस्तर वेतनश्रेणीचा फरक नुकताच खात्यात जमा झालेला आणि संध्याकाळी सातनंतर करायचे काय या प्रश्नाने गांजलेला जो नोकरदार आहे, त्याच्यासाठी आहे. अशा माणसाला पुण्याचा एखादा मित्र हटकून भेटतो. मित्राला आपली विजेवर चालणारी एअरसॉफ्ट रायफल विकायची असते. "हुबेहूब एके-४७ बघ. पूर्ण धातूची बॉडी, खऱ्या लाकडाचा दस्ता. लांबून कुणाच्या बापाला कळणार नाही!" एवढ्यात मित्राने वस्तूचे सगळे दोष प्रामाणिकपणे सांगून टाकलेले असतात. तुम्ही फक्त ते नीट ऐकायचे.

आधी यंत्र समजून घ्या. दस्त्यात बॅटरी, मुठीत मोटार, मोटारीच्या डोक्यावर तीन दातेरी चाके. घोडा दाबला की मोटार फिरते, चाके पिस्टनला एकेका दात्याने मागे ओढतात, त्यामागची स्प्रिंग दबते. शेवटचा दाता सुटला की पिस्टन पुढे झेपावतो आणि नळकांड्यात कोंडलेली हवा सहा मिलिमीटरच्या प्लॅस्टिकच्या मण्याला नळीबाहेर ढकलते. दारू नाही, काडतूस नाही. सामान्य माणसाच्या हाती खरी बंदूक जवळजवळ येतच नाही अशा जपानात ही हौस वाढली. तिथल्या तोक्यो मारुई कंपनीने १९९१ साली फ्रेंच फामास रायफलीच्या रूपात विजेचे पहिले मॉडेल काढले आणि पुढे जगभर त्याच्या नकला झाल्या. बंदूक जिथे कधी दिसतच नाही, तिथल्या लोकांना ती निदान खेळण्यात दिसावी, अशी या वस्तूची मूळ सोय आहे. भामरागडात ही अडचण कधीच नव्हती.

आता गुणपत्रिका. इतरत्र जाणकार वजनाला गुण देतात, धातूला देतात, बॉडीवर कोरलेल्या क्रमांकाला देतात, वापरून झिजल्यासारख्या दिसणाऱ्या रंगाला तर पैकीच्या पैकी. आपण तीच पत्रिका घ्यायची आणि प्रत्येक रकान्यात अधिकच्या जागी उणे लिहायचे. धातू: उणे. लाकूड: उणे. वाकडे मॅगझिन: दुप्पट उणे, कारण एके ओळखायला लोक आधी तेच बघतात. नळीच्या टोकाला नारिंगी टोपी असेल तर थोडे गुण द्या. मित्राने ती 'खोटी दिसते' म्हणून काढून टाकली असेल तर मित्राचे गुण कापा. अख्खी रायफल पारदर्शक प्लॅस्टिकची असेल आणि आतली चाके बाहेरून दिसत असतील, तर उत्तम. ती गुलाबी असेल तर भावात घासाघीस करू नका.

कारण उघड आहे. गडचिरोली पोलिसांची पत्रके वर्षानुवर्षे वाचणाऱ्यांना एके-४७, एसएलआर, इन्सास, ३०३, भरमार ही नावे रेशनच्या यादीसारखी पाठ झालेली आहेत. इथे हत्यार ओळखायला कॅटलॉग लागत नाही. आणि ज्याने ते ओळखून लगेच काही ठरवायचे असते, तो सी-६० या नक्षलविरोधी पथकाचा जवान तुमच्यापासून दोनशे मीटरवर बांबूच्या बेटाआड असतो. त्याच्या हातात मण्याचा वेग मोजणारे यंत्र नसते आणि मूल्यमापनाला दोन सेकंद असतात. हुबेहूबपणाला तुम्ही जितके पैसे जास्त मोजले असतील, तितके त्याचे काम अवघड.

मग रस्त्याची चाचणी. गडचिरोलीहून चामोर्शी, आष्टी, आलापल्ली, ताडगाव, हेमलकसा आणि मग पर्लकोटा नदीचा पूल ओलांडून भामरागड. या रस्त्यावर तुमची बॅग कोणी उघडून पाहणारच नाही असे गृहीत धरू नका. गाडी थांबते, कोणी अदबीने विचारतो, "का आहे जी ह्याच्यात?" याचे उत्तर एका श्वासात देता यायला हवे. "एअरसॉफ्ट इलेक्ट्रिक गन, व्हर्जन थ्री गिअरबॉक्स" हे उत्तर नव्हे. त्यातला फक्त 'गन' एवढाच शब्द ऐकू जातो.

कायद्याचा भाग थोडक्यात. १९५९च्या शस्त्र कायद्याने लाठी आणि साधी हातातली काठी शस्त्रांच्या व्याख्येतून वगळली आहे, आणि खेळण्याखेरीज कशालाही उपयोगी पडणार नाहीत, बदल करूनही खरे शस्त्र होणार नाहीत अशा वस्तूही वगळल्या आहेत. २०१६च्या नियमांत परवान्याविना चालणाऱ्या हवेच्या बंदुकीची मर्यादा २० ज्यूल आणि साडेचार मिलिमीटर नळी अशी आहे. तुमच्या रायफलीचा जोर एक ज्यूलच्या आसपास, म्हणजे तिथे तुम्ही आरामात उत्तीर्ण. नळी मात्र सहा मिलिमीटरची. आता हे खेळणे की हवेची बंदूक, यावर वाद घालता येईल. तो नागपुरात, दिवसा, वकिलासोबत घालावा. शिवाय १९७२चा वन्यजीव कायदा आहेच. लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन शिरता येत नाही आणि त्या कायद्याच्या शस्त्रांत धनुष्यबाण, गळ, जाळे, फास सगळे मोडते. प्राण्याला इजा करू शकणारे कुठलेही साधन त्यात बसते. भामरागडला स्वतःचे अभयारण्य आहे, त्यामुळे 'मी फक्त पानांवर नेम धरत होतो' हे वाक्य तयार ठेवण्यापेक्षा पेटी घरी ठेवलेली बरी.

इतके वाचूनही वस्तू घरात आली असेल, तर सुधारणांकडे वळू. नवशिक्याची पहिली सुधारणा ठरलेली: जाड स्प्रिंग. एम-१०० म्हणजे ०.२० ग्रॅमचा मणी सेकंदाला साधारण १०० मीटर वेगाने फेकणारी. हिशेब सोपा आहे, ऊर्जा बरोबर एक ज्यूल येते, आणि जपानी कायद्याची मर्यादा त्याच्या किंचित खाली, ०.९८ ज्यूलवर आहे. तेवढ्यावर समाधान मानणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. तो एम-१३० मागवतो. जाड स्प्रिंगने पिस्टनचे प्लॅस्टिकचे दाते सोलून निघतात, म्हणून धातूच्या दात्यांचा पिस्टन येतो. आता मोटार दमते, म्हणून मोठ्या ताकदीची मोटार. तिला ७.४ व्होल्ट पुरत नाहीत, म्हणून ११.१ व्होल्टची लिपो बॅटरी. तिच्या प्रवाहाने घोड्याचे तांब्याचे संपर्क काळे पडतात, म्हणून मॉसफेट हा इलेक्ट्रॉनिक स्विच. मग गिअरबॉक्सच्या पत्र्याला कोपऱ्यात तडा जातो. इथवर मूळ रायफलीतली फक्त पेटी शिल्लक असते. यातला प्रत्येक भाग पार्सलने यायचा आहे आणि पावसाळ्यात पर्लकोटा पुलावरून वाहू लागली की भामरागडचा जगाशी संबंध तुटतो. जुलैत गिअरबॉक्स उघडू नये, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ.

खरे तर जोर वाढवून पल्ला फारसा वाढत नाही. पल्ला देतो तो हॉप-अप, नळीच्या मागच्या टोकाशी बसवलेला रबराचा बारीकसा उंचवटा. तो मण्याला वरून घासतो, मणी उलटा गरगरत निघतो आणि त्या फिरकीने हवेत तरंगत जास्त लांब जातो. रबर चांगले, हवा कुठे गळत नाही आणि मणी थोडा जड, ०.२५ ग्रॅमचा, एवढ्यात कामाची रायफल तयार होते. हवागळती तपासायची तर नळकांड्याच्या तोंडावर बोट दाबून पिस्टन हाताने पुढे ढकला. तो अडून राहिला पाहिजे. मोकळ्या मैदानात मग पन्नासेक मीटरवर नेम लागतो. भामरागडात मोकळे मैदान शोधा. जंगलात सागाचे एक पान मण्याला पुरते. आलापल्लीचा साग २०२३ साली अयोध्येच्या मंदिरासाठी गेला. त्याच्या पानापुढे तुमच्या एक ज्यूलची काय कथा!

सोयीच्या बाबतीत इथल्या पोरांच्या हातातली गुलेल पुढे आहे, हे नाइलाजाने नोंदवावे लागते. बॅटरी नाही, हॉप-अप नाही, आणि उन्हात वाळवलेली मातीची गोळी मातीतच विरते. एअरसॉफ्टवाले विरघळणारे मणी 'जैविक' म्हणून जास्त भावाने विकतात.

आता खेळाबद्दल, आणि इथे मला थट्टा जरा बाजूला ठेवावी लागते. एअरसॉफ्ट एकट्याने खेळायचा खेळ नाही. दोन बाजू लागतात, हिरवे-तपकिरी कपडे लागतात, जंगल लागते. पंच प्रत्येकाच्या मागे नसतो. मणी लागलेल्याने स्वतःहून 'लागला' म्हणायचे, हात वर करायचे आणि मैदानाबाहेर जाऊन पुढच्या डावाची वाट पाहायची. सगळा खेळ या प्रामाणिकपणावर उभा आहे आणि खेळ म्हणून तो मला आवडतो. पण भामरागडात संघ पाडताना कोण कोण होणार? पुण्यात निळे आणि पिवळे असे काहीही ठरवता येते. इथे हिरवे कपडे घालून झाडाआड दबा धरणाऱ्या दोन बाजू आधीपासून आहेत, त्यांची नावे गावातल्या प्रत्येक पोराला ठाऊक आहेत आणि त्यांच्यातला लागलेला माणूस पुढच्या डावाला परतत नाही. दोन्ही बाजूंना याच तालुक्यातली, एकाच भाषेत रडणारी माणसे होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपती आपल्या साठ साथीदारांसह गडचिरोलीत आला आणि मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली गेली. गावोगावचे लोकही आपल्या भरमार आणून पोलिसांकडे जमा करत आले आहेत. खऱ्या बंदुका अशा परत जात असताना आपण खोटी घेऊन यायचे, हे वेळापत्रक कुठेतरी चुकले आहे. म्हणून या मार्गदर्शिकेत संघ, डावपेच आणि गणवेश ही प्रकरणे नाहीत.

भामरागडसाठी मंजूर सुधारणा अशा. आधी बॅटरी काढा. तीन सेलची लिपो बारा व्होल्टच्या एलईडी पट्टीला छान चालते आणि वीज गेली, म्हणजे बहुतेक रोज, की तुमच्या खोलीत उजेड असतो. सेल तीन व्होल्टच्या खाली उतरू देऊ नका, फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावू नका आणि गवती छपराखाली तर चार्ज करूच नका. मग दस्ता काढा. मॅगझिन काढा, मणी भरायच्या कप्प्यात चिंचोके छान मावतात. नळी काढा. ही सर्वांत मोठी सुधारणा, कारण नळी गेली की वस्तूचे बंदुकीशी नाते संपते. उरतो गिअरबॉक्स. त्याचे एका बाजूचे झाकण काढून तिथे ॲक्रिलिकची पट्टी बसवा, स्प्रिंग सर्वांत मऊ घाला आणि सगळे एका फळीवर स्क्रूने आवळा. मोटारीच्या साधारण अठरा फेऱ्यांना शेवटच्या चाकाची एक फेरी, हे सातवीच्या पोरांना फळ्यावर समजत नाही ते इथे डोळ्यांनी दिसते. फळीला गुलाबी ऑइल पेंटचे दोन हात द्या.

तालुक्याबाहेरच्या एखाद्या विज्ञान प्रदर्शनाला ही फळी, तीच बॅटरी जोडून, नेताना गाडी पुन्हा थांबेल. "का आहे जी ह्याच्यात?" तुम्ही झाकण उघडायचे. शाळेचे आहे, चाकांचे मॉडेल आहे, एवढेच सांगायचे. जवान वाकून पाहील, खांद्यावरची इन्सास जरा मागे सरकवील आणि म्हणेल, चालवून दाखवा. तुम्ही बटण दाबा. खर्रर्र! तो आणखी एकदा दाबायला सांगेल. मग त्याच्या सोबत्याला हाक मारील, तोही येईल, आणि मागे ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत असताना तुम्हाला पहिला खरा तांत्रिक प्रश्न विचारला जाईल: सेकंदाला किती पडतात? पूर्ण चार्ज असेल तर पंधराच्या घरात, असे सांगा आणि बॅटरी वाचवायची आहे म्हणून झाकण लावा.