सर्वगुणसंपन्न कीबोर्डची निवड

कीबोर्ड वर्कस्टेशन म्हणजे स्वरनिर्मिती, ताल, सीक्वेन्सिंग आणि इफेक्ट्स एकाच पेटीत मांडणारे वाद्य. १९८८च्या कॉर्ग एम१ने हा प्रकार रूढ केला: ६१ पट्ट्या, ८ ट्रॅकचा सीक्वेन्सर आणि व्हायोलिनपासून ड्रमपर्यंतचा सगळा ताफा. अशा वाद्यावर वादकाला एका मेनूतून दुसऱ्या मेनूत संध्याकाळभर विहार करता येतो. वाजवणे हा ऐच्छिक विषय. ट्रान्सपोजचे बटण असल्याने काळ्या पट्ट्यांशी संबंध जवळपास टाळता येतो. पुढच्या मॉडेलांतून त्या काढूनच टाकल्यास वजनही घटेल.

स्टेज पियानो या बाबतीत फारच मागासलेला. हातोडीची यंत्रणा असलेल्या ८८ जड पट्ट्या, मोजके आवाज, बहुधा स्पीकरसुद्धा नाही. चालू करताच तो पियानोसारखा वाजतो, आणि वादकाला येत नसेल तर तेही तत्काळ ऐकवतो. असला चुगलखोर ऐपत असली तरी घरात घेऊ नये.

म्हणून दूरदर्शी ग्राहक वर्कस्टेशनच निवडतो. एम१ची कीर्ती हा त्याचा पुरावा. इतका सारा वाद्यवृंद पोटात बाळगणारे हे यंत्र हाउस संगीतात अजरामर झाले, ते त्यातल्या पियानोच्या आवाजामुळे.