एकवीसहजारी मनसबदार

मोगलाईत पंचहजारी मनसबदार असत. आमच्या तहसील कचेरीतली मनसब एकवीसहजारी. फरक इतकाच, की इथे आकडा ओलांडला की मनसब जाते. पेन्शनची संजय गांधी निराधार योजना असो (दिव्यांग वगळून) की म्हाताऱ्यांची श्रावणबाळ, दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21,000 च्या आत हवं. म्हणजे दिवसाला 57 रुपये. अठ्ठावन्नावा रुपया घरात आला की म्हातारीला आधार मिळाला, असं समजायचं.

चाळिशीतली एखादी विधवा उद्या रोजगार हमीवर गेली तर? 2024-25 साली मजुरी होती 297 रुपये आणि हमी 100 दिवसांची. सगळे दिवस राबली तर पदरात 29,700. सरकारच्याच कामावर माती उपसून ती सरकारच्याच दप्तरात सधन! तेव्हा बाई, सत्तराव्या दिवशी घमेलं खाली ठेवा आणि गुपचूप घरी या.

याच राज्यात 2024 पासून लाडक्या बहिणीलाही या निराधारांइतकेच महिना 1,500 मिळतात. पण तिच्या कुटुंबाला अडीच लाखांपर्यंत गरीब राहण्याची मुभा आहे. पासष्टी उलटली की लाड संपले. मग तिने श्रावणबाळाच्या रांगेत उभं राहायचं आणि अडीच लाखांची गरिबी रातोरात एकवीस हजारांत बसवायची. वय वाढलं की भूक आणि औषधं कमी होतात, हा शोध नेमका कोणत्या खात्याने लावला कोण जाणे.

बरं, मंजुरी मिळाली, पैसे खात्यात आले, तरी हातात यायचे आहेत. गावातल्या बँकमित्राच्या यंत्रावर आजी अंगठा टेकवते. उमटत नाही. पदराने पुसते, पुन्हा टेकवते. 'दुसरं बोट द्या आजी.' दहाही बोटं झाली. जन्मभर खुरपं धरून रेघाच झिजल्या, त्याला यंत्र काय करणार? ते म्हणतं, ही बाई ती नव्हेच.

केंद्राचं मात्र धोरण ठाम आहे. वृद्धांच्या पेन्शनमध्ये त्याचा वाटा 2007 साली महिना 200 रुपये होता, साठ ते एकोणऐंशी वयाला आजही तेवढाच आहे. ऐंशी पूर्ण झाली की 500. एकोणऐंशीच्या आजोबांनी उगाच कुरकुर करू नये. बढती अगदी तोंडावर आली आहे. दरवर्षी हयातीचा दाखला तेवढा जोडत राहायचा.